आठच्या आधीच्या गाठी

वहिनी नेमक्या कुणाच्या वहिनी, हे लॉन्ड्रीत आता कुणालाच धड आठवत नव्हतं. पूर्वी बॉयलरवर त्यांचा दीर होता. त्यानेच त्यांना इथे कामाला लावलं. तो वहिनी म्हणायचा म्हणून मशीनवाले म्हणू लागले, मग टेबलावरच्या बायका, मग गेटवरचे वॉचमनकाका आणि शेवटी मॅनेजरसुद्धा. दीर चार वर्षांत कंटाळून दुसरीकडे गेला. वहिनी मात्र चिकटल्या त्या चिकटल्याच. सोळा वर्षं झाली. आता त्या घडीच्या टेबलावरच्या मुख्य होत्या. मुख्य म्हणजे काय, तर बाकी नऊजणींसारखंच दिवसभर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या, आणि काही बिघडलं तर वर बोलणीही आपणच खायची.

लॉन्ड्री साधीसुधी नाही. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं इथे यायचं. संध्याकाळी गाड्या मळका माल आणून मागच्या हॉलमध्ये टाकून जायच्या. सकाळी आठला भोंगा झाला की मशीनवाला तो भरायचा, धुऊन वाळून तो इस्त्रीच्या रोलरवर जायचा आणि रोलरमधून गरमागरम चादरी सव्वानऊपासून वहिनींच्या टेबलावर येऊ लागायच्या. तोवर बायका आदल्या दिवशीचे टॉवेल घडी करायच्या. चार वाजता गाडी स्वच्छ माल घेऊन निघायची. ती चारची गाडी म्हणजे देवाची आज्ञा. मॅनेजर एरवी कसाही असो, साडेतीन वाजले की त्याच्या अंगात यायचं.

आता यात मेख कुठे होती ते सांगतो. हॉटेलातली माणसं खोलीतल्या सगळ्या चादरी एकाच चादरीत टाकायची आणि तिचीच टोकं एकमेकांना बांधून बोचकं करायची. त्यांना घाई. ओढून ओढून बांधायची, त्यात चादर कुठे ओली असली की गाठ अशी बसायची की दातांनीही सुटू नये. अशी रोजची नव्वद बोचकी, एकेकाला दोन गाठी. या गाठी सोडवायच्या कुणी? कागदावर कुणीच नाही. कामांच्या यादीत ‘माल उतरवणे’ होतं, ‘मशीन भरणे’ होतं, मधलं काहीच नव्हतं. मशीनवाला पहिल्या दहा गाठी नखांनी सोडवायचा आणि मग कात्री काढायचा. त्याचं नावच बायकांनी ‘कात्री’ पाडलं होतं. कापलेली चादर धुतली की आणखी फाटायची, ते फाटकं टोक सापडायचं ते मात्र घडीच्या टेबलावर. जिथे सापडलं तिथला दोष! कुठलाही मॅनेजर येवो, हा न्याय काही बदलला नाही.

वहिनींना टेबलावर येऊन पाच वर्षं झाली तेव्हा त्या मुख्य झाल्या आणि पहिल्याच महिन्यात फाटक्या चादरींवरून तेव्हाच्या मॅनेजरने त्यांना चारचौघांत इतकं बोलून घेतलं की घरी जाऊन त्या जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या लवकर आल्या. म्हटलं, आपणच सोडवू, त्या मेल्याच्या कात्रीच्या आधी. एक दिवस आल्या, दुसऱ्या दिवशी आल्या, आणि मग अकरा वर्षं आल्या.

पाचला उठायचं. दोन डबे भरायचे, आपला आणि वन्संचा. वन्सं म्हणजे धाकटी नणंद, त्याच घरात राहायची आणि दोन वर्षांपूर्वी वहिनींनीच शब्द टाकून तिला टेबलावर घेतली होती. नवऱ्याच्या औषधाची गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवायचा. साडेसहाला बाहेर पडायचं. पस्तीस-चाळीस मिनिटांचा रस्ता. दुकानांची शटर खाली, बसथांब्यावर एखादा डुलक्या घेणारा, आणि वहिनी गुडघा चोळत चोळत चाललेल्या. सव्वासातला गेट.

आता गेट सव्वासातला उघडायची परवानगीच नव्हती. मागे एकदा कुणीतरी भोंग्याआधी आत शिरून रोलर चालू करून बसला आणि हात अडकवून घेतला. तेव्हापासून नियम कडक होता. पावणेआठच्या आत कुणाला सोडलं तर सोडणाऱ्याची नोकरी गेली म्हणून समजायचं. पण वॉचमनकाका वहिनींना सोडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “कशाला गं इतक्या लवकर?” वहिनींनी सांगितलं. काका म्हणाले, “गाठीच सोडवतेस ना? मशीनला हात लावू नकोस म्हणजे झालं.” तेवढ्यावर अकरा वर्षं निघाली. काकांना रिटायर व्हायला आता सात महिने उरले होते.

भोंग्याआधीच्या त्या चाळीस मिनिटांत वहिनी मळक्या हॉलच्या गार फरशीवर पाट टाकून बसायच्या आणि एकशेऐंशी गाठी सोडवायच्या. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, ते कधी नीट वाढलंच नाही. भोंगा व्हायच्या आधी हात धुऊन त्या टेबलाशी हजर. बायकांना वाटायचं, वहिनींना झोप नाही. कात्रीला वाटायचं, हॉटेलवाले सुधारले. खरं, त्याला काहीच वाटायचं नाही, आयता माल भरायला मिळतोय तर कोण विचार करत बसतो! वन्संला घरात माहीत होतं की वहिनी लवकर जातात, पण का, ते नाही. “मुख्य आहे ना मी, टेबल मांडायला लागतं,” असं वहिनींनी सांगितलं होतं. आणि कुणी कधी विचारलंच, “दमला नाहीत का हो?” तर वहिनींचं उत्तर ठरलेलं, “मला काय धाड भरलीय!”

अशात ती पोरं आली.

युनिव्हर्सिटीची चार पोरं, एका टीमची. त्यांना म्हणे वर्गातल्या पुस्तकी गणितांऐवजी खऱ्या कंपनीचं खरं कोडं सोडवायचं होतं आणि त्यावर मार्क मिळणार होते. मालकांनी कोडं दिलं होतं, ‘घडी विभागात मनुष्यबळ योग्य आहे का?’ मॅनेजरने ते बायकांना असं सांगितलं, “मुलं शिकायला येतायत, नीट वागा.” दोघंही खरं बोलत होते, फक्त एकाने अर्थ गाळला होता.

पोरं आठ आठवडे मंगळवारी आणि गुरुवारी यायची. त्यांची बस नऊला पोचायची. एक सारखे फोटो काढायचा, दोघं ट्रॉल्या मोजायचे आणि चौथी एक बारीकशी मुलगी, मोठा चष्मा, गळ्यात स्टॉपवॉच. ती टेबलाशी उभी राहून एकेक घडी किती सेकंदांची ते वहीत लिहायची. बायकांनी तिचं नाव टिकटिक ठेवलं. वन्सं तर तिला बघितलं की हात जोरात चालवायची आणि म्हणायची, “लिही गं टिकटिक, माझे नऊ सेकंद लिही. आमच्या वहिनीचे अकरा लिही, तिचं वय झालं.” टिकटिक हसायची नाही, लिहायची. पण जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनच्या बाकावर डोकं टेकून दोन मिनिटांत झोपून जायची, तेव्हा वहिनीच तिचा खाली सरकलेला चष्मा काढून बाजूला ठेवायच्या. आपली म्हणून नव्हे, पण लेकराची दमणूक दिसते ना बाईमाणसाला.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, पोरांनी कँटीनमध्ये पडदा लावला. शुक्रवारी युनिव्हर्सिटीत मालकांसमोर जे दाखवायचं ते आधी ज्यांचं काम मोजलं त्यांना दाखवावं, असं टिकटिकने हट्टाने ठरवलं होतं. रंगीत पट्ट्या होत्या. हिरवी पट्टी म्हणजे हात चालू, पिवळी म्हणजे हात रिकामे. टिकटिक समजावत होती, “तुम्ही सगळ्या फार वेगाने काम करता. माल एकसारखा येतो, कुठे अडत नाही. त्यामुळे दहाजणींचं काम तीन वाजताच संपतं. हेच काम सातजणी चारपर्यंत आरामात करू शकतील.”

बायका आधी खूश झाल्या, वेगाचं कौतुक ऐकून. मग कुणीतरी बोटं मोजली. दहातून सात गेले, उरले तीन. आणि सगळ्यांत शेवटी कामाला लागलेल्या तिघी कोण, हे सांगायला युनिव्हर्सिटी लागत नव्हती. वन्सं त्यातली एक. मग ती हसून म्हणाली, “घ्या! नऊ सेकंदांचं बक्षीस मिळालं.”

वहिनी मात्र त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिल्या. ‘माल एकसारखा येतो, कुठे अडत नाही.’ अहो, कुठून अडेल? अकरा वर्षं रोज चाळीस मिनिटं त्या फरशीवर बसून त्यांनी तो अडू दिला नव्हता. पोरीने मोजलं त्यात काही खोट नव्हती. तिने आठनंतरचं मोजलं, आणि आठनंतर सगळं खरंच सुरळीत होतं. आपल्याच हाताने आपण आपल्या नणंदेची भाकरी काढली, एवढं वहिनींना कळलं.

त्या संध्याकाळी घरी वन्सं फार बोलली. ती घाबरली की बोलते. दुसऱ्या कामाच्या गोष्टी, शेजारणीच्या ओळखीतल्या दुकानाच्या गोष्टी, “माझं काय, मी कुठेही निभावेन.” मग भांडी घासता घासता नळ चालू ठेवूनच म्हणाली, “वहिनी, पहिल्यांदाच गं या घरात माझं काहीतरी होतं. दादाच्या घरात राहते म्हणून कुणी बोलत नाही तुम्ही, पण मला आतून वाटतंच ना.” वहिनींना म्हणायचं होतं, वन्सं, तुमची नोकरी जात नाही, मी बघते. पण बघायचं म्हणजे काय? सांगायचं तर काकांचं गेट आलं. रिटायर व्हायला सात महिने उरलेल्या माणसाला आता हाकलायचं? आणि न सांगावं तर ही इथे नळाशी रडतेय. इकडे आड तिकडे विहीर. वहिनी रात्रभर कूस बदलत राहिल्या.

मंगळवारी पहाटे त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काकांनी मफलर सोडला, परत बांधला. “म्हणजे तुझ्यामुळेच त्यांना माणसं जास्त दिसतायत?”

“हो.”

“आणि तू सांगितलंस तर मी गोत्यात.”

“तुमचं नाव मी घेणार नाही, काका. मेले तरी.”

“नाव कशाला घ्यायला हवं? गेटवर मी एकटाच असतो,” काका म्हणाले. “सांग तू. मला बायको नाही, पोरं नाहीत, सात महिने मी कुठेही बसून काढीन. त्या तिघी कुठे जातील?” पण सांगताना त्यांनी नुकतंच उघडलेलं कुलूप चुकून परत लावून टाकलं, ते वहिनींना दिसलं.

नऊला टिकटिक आली. वहिनींनी तिला जिन्याखाली ओढलं. “पोरी, तुझं मोजमाप चुकलंय.”

टिकटिकचा चेहरा असा उतरला की विचारू नका. “वहिनी, आठ आठवडे मोजलंय. चौदाशे घड्या. शुक्रवारी द्यायचंय. माझ्या टीममधली मुलं आता माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत, इतकं मी त्यांच्याकडून परत परत करून घेतलंय.”

“चौदाशे बरोबर असतील गं. पण तू नऊला येतेस. उद्या सात वाजता ये.”

“सातला बस नसते.”

“मग चालत ये,” वहिनी म्हणाल्या. इतकं कडक त्या कधी बोलायच्या नाहीत. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बुधवारी सातला टिकटिक गेटशी उभी होती, नाक लाल, डोळे सुजलेले. काकांनी गेट एक माणूस जाईल इतकं उघडलं. मळक्या हॉलमध्ये नव्वद बोचकी बघून ती म्हणाली, “हे कोण सोडवतं?” वहिनी पाट ओढून बसल्या. टिकटिकने सवयीने स्टॉपवॉच दाबलं. पाच मिनिटांनी तिने ते खिशात टाकलं आणि शेजारी बसली. बाराव्या गाठीला तिचं नख तुटलं. बोट तोंडात घालून ती दुसऱ्या हाताने ओढत राहिली. भोंग्याला पाच मिनिटं असताना तिने विचारलं, “किती वर्षं?”

“अकरा.”

“दमत नाही तुम्ही?”

“मला काय धाड भरलीय!”

टिकटिक हिशेबी मुलगी. हात धुता धुता म्हणाली, “वहिनी, हे नुसतं सांगून चालणार नाही. मॅनेजर म्हणतील, एका बाईचं बोलणं. मला तुमच्याशिवायचा एक दिवस मोजायला हवा. उद्या तुम्ही आठला या. आणि गाठींना हात लावायचा नाही, काहीही झालं तरी.”

आता हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. गुरुवारी वहिनी पाचला उठल्याच, झोप कुठली! डबे भरले आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिल्या. साडेसहा वाजले, पाय आपोआप चपला शोधू लागले. त्यांनी चपला उचलून दिवाणाखाली सरकवल्या, आणि वन्संने काही विचारू नये म्हणून तिला पुढे पाठवून आपण मागून निघाल्या. अकरा वर्षांची सवय, ती काय सांगून ऐकते?

आठला भोंगा झाला. मागच्या हॉलमधून कात्रीचं ओरडणं ऐकू आलं, “अरे हे काय! आज सगळी बांधलेलीच?” टेबलावर टॉवेल होते तोवर हात चालले. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले, रोलर नुसता फिरत होता. दहाजणी रिकाम्या उभ्या. टिकटिक भिंतीला टेकून लिहीत होती, ती आज बसची वाट न बघता पावणेआठलाच आली होती. दहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या चादरी आल्या, त्यातली तिसरीच फाटकी. मॅनेजर धावत आला. “वहिनी, काय चाललंय काय? आज तुमच्या टेबलाला झालंय काय?”

“टेबल उभंच आहे, साहेब. माल येत नाही,” वहिनी म्हणाल्या.

मग जो लोंढा आला तो आला. बायकांना पाणी प्यायला उसंत नाही. वन्संला काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण ती एकदा मागच्या हॉलमध्ये डोकावून आली आणि धापा टाकत म्हणाली, “वहिनी, तिथे बोचक्यांचा ढीग पडलाय, कात्री नुसता कापत सुटलाय. तू जा ना, तुला जमतं असलं. जा ना गं! चारची गाडी चुकली तर आपल्यावरच येईल, मग दहा काय नि सात काय!” वहिनींच्या अंगठ्याला खाज सुटली, खरंच सुटली. दाराकडे दोन पावलं गेल्याही. समोर टिकटिक. तिने फक्त मान हलवली, नाही म्हणून. वहिनी परत फिरल्या. सोळा वर्षांत इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं, काही न करण्याचं. चारची गाडी पाच वाजून वीस मिनिटांनी सुटली, तीही दहाजणींनी जीव काढला म्हणून.

शुक्रवारी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मऊ होत्या. वहिनींना टिकटिकने हट्टाने बोलावलं होतं. पुढे मालक, शेजारी मॅनेजर, बाजूला पोरांचे सर. दोन रात्री जागून टीमने सगळं बदललं होतं. फोटोवाला मुलगा अजून टिकटिककडे बघत नव्हता, पण पट्ट्या त्यानेच नव्याने काढल्या होत्या. बुधवार हिरवा, गुरुवार पिवळा आणि शेवटी, चारच्या पुढे, लालभडक. टिकटिक म्हणाली, “आम्हाला दिलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही चुकीचं काढलं होतं. तीन माणसं जास्त नाहीत. एक काम यादीत नाही. ते एक बाई अकरा वर्षं भोंग्याच्या आधी करतायत. ते भोंग्यानंतर आलं तर दहाजणी लागतात, दहाच.”

मालक मागे वळले. “या तुम्ही? मग आम्हाला सांगितलं का नाही कधी?”

वहिनी उभ्या राहिल्या. “कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, साहेब. मला टेबल सांभाळता येत नाही असं वाटलं असतं. लाज वाटायची.”

मॅनेजर इतका वेळ पेन फिरवत होता. त्याने विचारलं, “पण वहिनी, गेट पावणेआठला उघडतं. तुम्ही त्याच्याआधी आत कशा येत होतात?”

झालं! ज्याची भीती होती तेच आलं. वहिनींच्या डोळ्यांपुढे काकांनी चुकून लावलेलं ते कुलूप आलं. त्या म्हणाल्या, “मागच्या भिंतीवरून.”

“भिंतीवरून?”

“चढून. मग उतरून.”

हॉलमध्ये खसखस पिकली. मॅनेजरने वहिनींच्या गुडघ्यांकडे पाहिलं. कँटीनच्या तीन पायऱ्या ही बाई कठडा धरून चढते, हे त्याने रोज बघितलेलं. “सात फुटी भिंत आहे ती,” तो म्हणाला. “रोज? अकरा वर्षं?”

“सवय झाली की काही वाटत नाही.”

“आणि बुधवारी तूसुद्धा होतीस ना तिथे?” मॅनेजर टिकटिककडे वळला. “तू कशी आत गेलीस?”

टिकटिकने चष्मा नाकावर नीट बसवला. आठ आठवडे सेकंदाचा दहावा भागसुद्धा खोटा न लिहिणारी ती पोर. ती म्हणाली, “मीपण भिंतीवरून. वहिनींनी हात दिला.”

सर खाली बघून हसले. मालकही हसले, मग त्यांचं हसू जरा रेंगाळून विरलं. ते मॅनेजरला म्हणाले, “आधी त्या भिंतीवर तार लावा. बाई पडतील. आणि गाठींचं काम यादीत घ्या, आठनंतरचं.” एवढंच. तिघींबद्दल वेगळं कुणी काही बोललं नाही, पण दहाचे दहा राहिले.

दोन आठवड्यांनी भिंतीवर खरोखरच काटेरी तार आली. वॉचमनकाका ती रोज बघायचे आणि वहिनी दिसल्या की म्हणायचे, “तुझ्यासाठी गं, खास.” गेट पावणेआठलाच उघडू लागलं, एक मिनिटही आधी नाही. हॉटेलांना नाडीच्या पिशव्या द्यायचं ठरलं होतं, त्या अजून यायच्या होत्या. तोवर फळ्यावर खडूने नवं काम लिहिलं गेलं, ‘गाठी सोडवणे’, आणि खाली रोज एकीचं नाव. टिकटिक परत आली नाही. तिची परीक्षा होती.

पहिली पाळी, तार यायच्याही आधी, लगेचच्या सोमवारी वन्संची आली. त्या सकाळी वहिनी आणि वन्सं घरून बरोबर निघाल्या. एकाच घरातल्या, एकाच टेबलावरच्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बरोबर चालत होत्या. दुकानांची शटर उघडी होती. एवढ्या उजेडात हा रस्ता वहिनींना ओळखीचाच वाटेना.

भोंग्यानंतर दीड तासाने वन्सं मागच्या हॉलमधून टेबलाशी आली. केस विस्कटलेले, बोटं लालबुंद, एका नखातून रक्त. मग तिने चादरीवरचा वहिनींचा उजवा हात उचलला, ते चिरलेलं नख बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, हे रोज? अकरा वर्षं? दमली नाहीस?”

वहिनींच्या तोंडाशी नेहमीचं उत्तर आलं होतं. ओठ उघडलेही. पण ते बाहेर पडेना. रोलरमधून चादरी येत होत्या, पलीकडच्या दोघी थांबून बघत होत्या.

“दमले हो, वन्सं,” वहिनी म्हणाल्या. “फार दमले.”

आणि मग त्या रडल्या, गरम चादरीत तोंड घालून, सगळ्यांदेखत. वन्संने चादरीचं दुसरं टोक धरून ठेवलं. कुणीही घाई केली नाही.